परसातल्या कोंबड्या : किचनरचा बर्फ आणि फिनिक्सचं ऊन



आपल्या भागात मागे थोडं अंगण असलेलं घर घेतलं की पहिल्या उन्हाळ्यात टोमॅटो, मिरच्या, मेथी लावून होते. दुसऱ्या उन्हाळ्यात मुलं विचारायला लागतात, "आपण कोंबड्या पाळू या का?" आई-बाबा भारतातून आलेले असले तर त्यांचा लगेच पाठिंबा मिळतो. "आमच्या लहानपणी परसात दहा-बारा असायच्या, त्यात काय एवढं?" अगदी असाच प्रश्न अमेरिकेत फिनिक्सला किंवा आखाती देशांत राहणारे नातेवाईकही विचारतात, फक्त त्यांची काळजी उलटी असते. आपण विचारतो "उणे वीसमध्ये कोंबडी जगेल का?" आणि ते विचारतात "पंचेचाळीसमध्ये जगेल का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर "हो, पण" असं आहे. त्या "पण"मध्ये काय काय येतं, ते एका जागी असावं म्हणून हा लेख. आमच्याकडे चार कोंबड्या आहेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, शेतकरी नव्हे. त्यामुळे इथे पारंपरिक शहाणपणापेक्षा कारण आणि परिणाम यांच्यावर भर आहे.

१. सगळ्यात आधी नियम

किचनर शहरात घरामागे कोंबड्या पाळायला परवानगी आहे, पण मुक्त परवाना नव्हे. नोंदणी करावी लागते, संख्येला मर्यादा आहे, आणि आरवणारा कोंबडा चालत नाही. (अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्लांसाठी लागतो. हे शेजाऱ्यांनाही सांगावं लागतं!) खुराडं कुंपणापासून किती लांब हवं, किती उंच चालेल, हे शहराच्या संकेतस्थळावर वाचून मगच लाकूड विकत घ्या. भाड्याच्या घरात घरमालकाची संमतीही बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वॉटर्लू, केंब्रिज आणि किचनर आपल्याला एकच गाव वाटत असलं तरी या तीन वेगळ्या नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. शेजारच्या ग्वेल्फमध्ये १९८५ च्या उपनियमापासून परसातल्या कोंबड्या चालतात. टोरांटोने २०१८ मध्ये काही वॉर्डांत प्रायोगिक योजना सुरू केली आणि नंतर ती बंद केली. म्हणजे "माझ्या मित्राकडे आहेत" हा पुरावा धरू नये.

वाळवंटाकडेही असंच. अॅरिझोना राज्याने २०२४ मध्ये कायदा करून स्वतंत्र घरात सहापर्यंत कोंबड्या पाळण्यावर शहरांना सरसकट बंदी घालता येणार नाही, असं ठरवलं. तरी खुराड्याची जागा आणि स्वच्छता यांचे नियम शहर करू शकतं, आणि सोसायटीचे म्हणजे होमओनर्स असोसिएशनचे नियम वेगळे असतात.

२. कोंबडी म्हणजे पिसांच्या जाकिटातला दहा वॉटचा हीटर

आता थोडं इंजिनिअरिंग. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या भाषेत कायमचा जोरदार ताप. दोन किलोची कोंबडी साधारण दहा वॉट उष्णता सतत बाहेर टाकते. अंगावर पिसांचं जाकीट असतं आणि ते काढता येत नाही. शिवाय तिला घामाच्या ग्रंथी नाहीत.

एवढ्या माहितीवरून पुढचं बरंचसं आपोआप कळतं. थंडीत हे यंत्र आरामात चालतं : आत हीटर, बाहेर जाकीट, पिसं फुलवली की इन्सुलेशन आणखी जाड. उन्हात मात्र उष्णता बाहेर टाकायला दोनच मुख्य वाटा उरतात. एक म्हणजे डोक्यावरचा लाल तुरा, गळ्याखाली लोंबणारी कातडी आणि उघडे पाय, जिथून रक्त थंड होतं. दुसरी म्हणजे चोच उघडून धापा टाकणं. त्यामुळे कोरडी थंडी कोंबडीला आपण समजतो त्यापेक्षा बरीच सोसते आणि ऊन आपण समजतो त्यापेक्षा कमी सोसतं. किचनरची कोंबडी थंडीने मरण्यापेक्षा फिनिक्सची कोंबडी उन्हाने मरण्याची शक्यता जास्त!

दुसरी गोष्ट तिच्या मूळ गावाची. पाळीव कोंबडी आली ती आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबडीपासून. तिचाच चुलतभाऊ करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आजही आरवतो. हे पक्षी मोकळ्या माळावरचे नव्हेत, तर झाडीतले. डोक्यावर पानांचं छत, पायाखाली पालापाचोळा, त्यात उकरून किडे-दाणे टिपायचे, हीच त्यांची सवय. किचनर असो की फिनिक्स, आपल्याला अंगणात एवढंच उभं करायचं आहे.

३. उन्हाचं टोक

तापमान तिशीच्या वर गेलं की कोंबडी पंख अंगापासून लांब धरते आणि धापा टाकायला लागते. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला कार्बोनेट याच कार्बन डायऑक्साइडपासून तयार होतो. म्हणून उन्हाळ्यात अंड्यांची कवचं पातळ होतात. खाणंही कमी होतं, कारण अन्न पचवतानाही उष्णता तयार होते. पुढे अंडी कमी होतात, आणि चाळिशीच्या आसपास सावली-पाणी नसेल तर जीव जातो.

फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर होता. तरीही तिथे लोक कोंबड्या पाळतात, कारण तिथली हवा कोरडी आहे. नागपूर-अकोल्याच्या मंडळींना हे सांगायला नको. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात खोली गार करतो, आणि तोच कूलर मुंबईत लावला तर नुसता दमटपणा वाढतो. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, पण हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार कशी? म्हणून :

• फिनिक्समध्ये बारीक तुषारांची नळी, ओली वाळू, ओल्या गोणपाटाचा पडदा उत्तम काम करतात.
• किचनरच्या जुलैत, जेव्हा ह्युमिडेक्स चाळिशीला टेकतो, तेव्हा तुषार मारून फारसा उपयोग नाही. तिथे सावली आणि वारा हवा, गरज पडली तर पंखा.
• पाणी दोन्हीकडे गार आणि भरपूर हवं. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. भांडं सावलीत ठेवा आणि दुपारी त्यात बर्फाची बाटली सोडा. कोंबड्या कोमट पाणी टाळतात.
• खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्यावं, भर दुपारी नको.
• खुराड्याचं छप्पर पत्र्याचं असेल तर त्यावर दुसरं छप्पर किंवा शेड-नेट, मध्ये हवेसाठी जागा सोडून.

जात निवडतानाही हाच नियम. मोठ्या तुऱ्याची, सडपातळ व्हाइट लेगहॉर्न उन्हात बरी, कारण तुरा म्हणजे रेडिएटर. आपल्याकडे जिच्या मानेवर पिसं नसतात ती जात दिसते, तीही उन्हासाठी चांगली. हाच मोठा तुरा इथे जानेवारीत अडचण होतो.

४. थंडीचं टोक

कॅनडाच्या हवामानासाठी इथेच एक जात तयार झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूबेकमध्ये ओका इथल्या मठातले ब्रदर विल्फ्रिड शातलाँ यांनी "शांतक्लेर" नावाची कोंबडी विकसित केली. तिला तुरा आणि गळ्याखालची कातडी नावापुरतीच, म्हणजे हिमदंश व्हायला जागाच नाही. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने ती अधिकृत जात म्हणून मान्य केली. ती मिळाली नाही तर प्लिमथ रॉक किंवा र्‍होड आयलंड रेड घ्या. र्‍होड आयलंड रेड हे नाव भारतात पशुसंवर्धन खात्याशी संबंध आलेल्यांना ओळखीचं वाटेल.

आता हिवाळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इथे कोंबडीला त्रास होतो तो थंडीपेक्षा ओलाव्याचा. चार कोंबड्या रोज जवळजवळ एक लिटर पाणी पितात. त्यातला मोठा भाग श्वासातून आणि शिटेतून खुराड्यातच परत येतो. आपण प्रेमाने सगळ्या फटी बंद केल्या की ती वाफ आत कोंडते, तुऱ्यावर बसते आणि हिमदंश होतो. सोबत शिटेतल्या अमोनियाने श्वासाचे आजार. म्हणून कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर, छपराजवळ, हवा जायला झरोके हवेतच. खाली मात्र अंगावर थेट वारा नको. सोपी चाचणी : सकाळी खुराड्याच्या खिडकीवर आतून पाणी किंवा बर्फ जमलेला दिसला तर झरोका वाढवा.

बाकीच्या गोष्टी :

• बसायची दांडी गोल आणि बारीक नको. दोन-बाय-चारची पट्टी रुंद बाजू वर ठेवून लावा, म्हणजे कोंबडी बसल्यावर तिच्या पोटाची पिसं बोटं पूर्ण झाकतात.
• आत प्रत्येकी निदान चार चौरस फूट, बाहेर जाळीच्या आवारात प्रत्येकी दहा चौरस फूट जागा. हिवाळ्यात कोंबड्या आतच जास्त राहतात, त्यामुळे जागा कमी पडली की एकमेकींची पिसं ओढतात.
• खाली लाकडाच्या भुश्शाचा जाड थर द्या. वरचेवर उलटा आणि नवीन भुस्सा टाकत राहा. वसंतात सगळं काढून खतात टाका.
• पाणी गोठू नये म्हणून भांड्याखाली ठेवायची गरम तबकडी मिळते. तेवढी घ्या. उष्णतेचा लाल दिवा मात्र शक्यतो नको. भुस्सा, पिसं, धूळ आणि तापलेला दिवा एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण, आणि खुराडं बहुधा घराला लागूनच असतं.
• जाळी "चिकन वायर" नावाची षटकोनी नको. ती कोंबडीला आत ठेवते, रॅकूनला बाहेर नाही! अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, ती जमिनीतही फूटभर पुरा, आणि दाराला रॅकूनला उघडता येणार नाही अशी दुहेरी कडी ठेवा. कोल्हा, मिंक, बहिरी ससाणा हे सगळे आपल्या शहरातले रहिवासी आहेत. गावाकडे बोका आणि मुंगूस, इथे हे.

डिसेंबरमध्ये अंडी का थांबतात? थंडीमुळे नव्हे, उजेडामुळे. कोंबडीला अंडी देत राहायला साधारण १४ तासांचा उजेड लागतो. किचनरमध्ये जूनमध्ये दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम नऊ तासांचा. टायमरवर छोटा एलईडी दिवा पहाटे लावला तर अंडी चालू राहतात. न लावला तर कोंबड्या शरद ऋतूत पिसं झाडतात, विश्रांती घेतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा सुरू होतात. आम्ही विश्रांती देतो. नोकरीतल्या माणसाला सुट्टीचं महत्त्व कळतं!

५. पायाखाली काय लावायचं?

कोंबड्या आणि हिरवळ यांचं वैर आहे. चार कोंबड्या शंभर चौरस फुटांच्या आवारात सोडल्या तर काही आठवड्यांत तिथे गवताचं पातंही उरत नाही. मग पावसाळी चिखल, वास, माश्या आणि शेजाऱ्यांची तक्रार. म्हणून जमीन झाकणं हा सौंदर्याचा विषय नसून आरोग्याचा आहे. फिनिक्समध्ये उघडी जमीन भाजते आणि धूळ उडते, इथे ती चिखल होते. उपाय मात्र एकसारखाच.

पहिला उपाय म्हणजे आवाराचे दोन भाग. एकात कोंबड्या, दुसऱ्यात हिरवळ वाढते. दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. जागा नसेल तर लाकडाची चार-पाच इंच उंच चौकट करून वर जाळी ठोका आणि खाली बी पेरा. पानं जाळीच्या वर आली की कोंबड्या तेवढीच खातात, मुळं सुरक्षित राहतात.

किचनरसाठी पांढरं क्लोव्हर सर्वात सोयीचं. ते बुटकं राहतं, हिवाळ्यानंतर परत येतं, आणि कडधान्याच्या कुळातलं असल्यामुळे हवेतला नायट्रोजन मुळांच्या गाठींत साठवतं. मार्चअखेर, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सुटते अशा दिवसांत बी नुसतं फेकलं तरी मातीत आपोआप रुततं. कुंपणाच्या कडेला पसरणारा थाइम किंवा इथली रानटी स्ट्रॉबेरी लावता येते.

पण खरी गंमत आपल्या ओळखीच्या भाज्यांची. जूनमध्ये वाफ्यात तण म्हणून जे उगवतं ते नीट बघा. जाडसर, गुळगुळीत पानं आणि लालसर देठ जमिनीलगत पसरलेले, ही आपली घोळ! आजीने ताकातली घोळीची भाजी केलेली ज्यांना आठवते त्यांना ओळख पटेल. घोळीत ओमेगा-३ चांगलं असतं, कोंबड्या ती आवडीने खातात, आणि उष्ण कोरड्या हवेत तग धरण्याची तिची क्षमता जबरदस्त आहे. त्यामुळे घोळ किचनरमध्ये उन्हाळाभर चालते आणि फिनिक्समध्येही. एकच सावधगिरी : तिच्यासारखंच दिसणारं एक विषारी तण आहे. देठ मोडल्यावर दुधासारखा चीक आला तर ती घोळ नव्हे, उपटून टाका.

तसंच इथले शेतकरी ज्याला लॅम्ब्ज क्वार्टर्स म्हणून वैतागून उपटतात ते म्हणजे आपलं चाकवत. आणि पिगवीड म्हणजे माठ-तांदुळजाच्या घरातलं. थोडी कोंबड्यांना, थोडी आपल्याला. फवारणी न केलेल्या जागेतलीच घ्या, हे सांगायला नको.

फिनिक्सवाल्यांसाठी तर यादी आणखी घरगुती आहे. तिथे ज्या बर्म्युडा ग्रासची लॉन असते ती म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. (आपल्याकडे ती हिवाळ्यात टिकत नाही, म्हणून गणपतीसाठी कुंडी घरात ठेवावी लागते.) पाणथळ जागी पसरणारी जलपिंपळी तिकडे फ्रॉगफ्रूट नावाने कमी पाण्यातली हिरवळ म्हणून लावतात. सावलीसाठी शेवगा लावा. तो फिनिक्सच्या उन्हात भराभर वाढतो, पाला कोंबड्यांना आणि शेंगा आमटीला. मेस्किट म्हणजे मराठवाड्यातल्या वेड्या बाभळीची जवळची नातेवाईक. आधी झाडाची सावली, मग त्या सावलीत हिरवळ, असा क्रम ठेवा. उघड्या उन्हात हिरवळ लावून पाणी ओतत बसणं परवडणारं नाही.

काय लावू नये : इथे लिली ऑफ द व्हॅली आणि यू या शोभेच्या वनस्पती विषारी आहेत, पेरिविंकल आणि इंग्लिश आयव्ही जंगलात पसरून उपद्रव देतात. र्‍हुबार्बची पानं आणि टोमॅटो-बटाट्याचा पाला नको. फिनिक्समध्ये कुंपणाला सर्रास कण्हेर असते. ती आपल्याला माहीत आहेच, कोंबड्यांपासून लांब हवी.

ऑक्टोबरमध्ये आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त आच्छादन झाडावरून फुकट पडतं. मेपलची पानं पिशव्यांत भरून शहराला देण्याऐवजी जाळीच्या आवारात सहा इंच पसरा. कोंबड्या हिवाळाभर ती उकरतात, बारीक करतात, आणि मे महिन्यात खत तयार. पण ताजी शीट असलेलं खत थेट पालेभाजीला घालू नका. मातीला लागणाऱ्या पिकासाठी निदान १२० दिवसांचं अंतर ठेवा.

बर्फात हिरवं कुठून आणायचं? मराठी घरात हा प्रश्न पडू नये. मूग, गहू, ओट्स यांना मोड आणून मूठभर द्या. राजमा मात्र कच्चा कधीच नको, आणि खारट-तळलेलं उरलंसुरलं, चॉकलेट, अॅव्होकाडोही नको.

जुन्या घरांसाठी एक खास सूचना. किचनरच्या मध्यवस्तीत अनेक घरं १९७६ च्या आधीची आहेत, जेव्हा रंगात शिसं सर्रास असायचं. भिंतीचे टवके मातीत पडतात, कोंबडी माती खाते आणि शिसं अंड्यात उतरतं. घर जुनं असेल तर भिंतीलगत आवार करू नका आणि आधी माती तपासून घ्या. लहान मुलं असतील तर ही पायरी गाळू नका.

६. अंड्यांचा हिशोब

एक कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाद्य खाते. चार कोंबड्या म्हणजे दिवसाला अर्ध्या किलोच्या आत, महिन्याला १४-१५ किलो. वीस किलोची पिशवी सहा आठवडे जाते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य घ्या, त्यात सुमारे १६ टक्के प्रथिनं आणि पुरेसं कॅल्शियम असतं. शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. चांगल्या जातीची तलंग पहिल्या वर्षी आठवड्याला चार-पाच अंडी देते. म्हणजे उन्हाळ्यात घरात आठवड्याला दीड डझन अंडी.

पैसे वाचतील का? खुराडं, जाळी, गरम तबकडी यांचा खर्च धरला तर पहिली दोन-तीन वर्षं अंडं दुकानापेक्षा महागच पडतं. कॅनडात अंड्यांचं उत्पादन कोट्याने नियंत्रित असतं. ऑन्टारियोत शंभरपेक्षा कमी कोंबड्यांना कोटा लागत नाही, पण याचा अर्थ शहरातून अंडी विकता येतात असा नाही. शेजाऱ्याला प्रेमाने सहा अंडी देणं मात्र सर्वोत्तम गुंतवणूक आहे. का, ते पुढे कळेल.

७. आजार आणि बर्ड फ्लू

आपल्यापैकी अनेकांना फेब्रुवारी २००६ आठवत असेल. भारतातला एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि राज्यभर लोकांनी चिकन-अंडी खाणं सोडलं. तोच विषाणू रूप बदलत डिसेंबर २०२१ मध्ये न्यूफाउंडलंडमध्ये सापडला आणि मार्च २०२२ मध्ये ऑन्टारियोतल्या कोंबड्यांत आला. आणतात ते मुख्यतः स्थलांतर करणारे बदक-हंस, आणि ग्रँड नदीच्या काठावर त्यांची कमतरता नाही.

म्हणून आवाराला वरून छप्पर ठेवा, दाणे-पाणी रानपक्ष्यांना मिळेल असं उघड्यावर ठेवू नका, आणि खुराड्यासाठी बूट वेगळे ठेवा. कोंबड्या अचानक मेल्या, डोकं सुजलं किंवा तुरा निळा पडला तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्याला किंवा कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीला कळवा. हे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

रोजचा धोका मात्र साल्मोनेलाचा. कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, तिची पापी घ्यायची नाही, पाच वर्षांखालच्या मुलांकडे जास्त लक्ष द्यायचं.

८. दोन प्रश्न, जे कोंबड्या आणण्याआधीच सोडवायचे

पहिला, भारतवारी. आपण डिसेंबरमध्ये चार आठवडे भारतात जातो, नेमके सगळ्यात थंड दिवसांत. आपोआप उघडणारं दार आणि मोठं खाद्याचं भांडं मिळतं, पण तबकडीची वीज गेली तर पाणी काही तासांत गोठतं. रोज एक माणूस बघायला हवाच. ती सहा अंडी इथे कामाला येतात! दोन-तीन कुटुंबांनी मिळून ठरवलं, एकाचं अंगण आणि सगळ्यांच्या पाळ्या, तर सोपं जातं. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर कोंबड्या आणू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

दुसरा प्रश्न अवघड. कोंबडी दोन-तीन वर्षं भरपूर अंडी देते, पण जगते सहा-आठ वर्षं. नंतर काय? गावाकडे हा प्रश्न कुणी विचारत नसे, रविवारी तो आपोआप सुटायचा. इथे शहरातल्या अंगणात कोंबडी कापायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. परवाना असलेल्या कत्तलखान्यात न्यावी लागते, किंवा खेड्यातल्या कुणाला द्यावी लागते, किंवा म्हातारपणी सांभाळावी लागते. आणि संख्येची मर्यादा असल्यामुळे म्हातारी ठेवली तर नवीन तलंगेला जागा नाही. एव्हाना मुलांनी तिचं नाव ठेवलेलं असतं. घरात कुणी शाकाहारी, कुणी फक्त अंडी खाणारं, कुणी सगळं खाणारं. अशा वेळी ऐन प्रसंगी वाद होण्यापेक्षा पिल्लं आणण्याआधी जेवणाच्या टेबलावर हे बोलून घ्या, मुलांना सोबत घेऊन. जे ठरेल ते ठरेल, पण ते आधी ठरू दे. आमच्या घरी म्हाताऱ्या कोंबड्या सांभाळायच्या असं ठरलंय. दुसऱ्या घरी वेगळं ठरलं तर त्यात चूक काही नाही.

हे सगळं वाचून कुणी घाबरून गेलं असेल तर तसं नको. रोजचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, आठवड्याला एकदा अर्धा-पाऊण तास सफाई. त्या बदल्यात मुलांना अन्न कुठून येतं ते कळतं आणि आजी-आजोबांना नातवंडांना शिकवायला एक विषय मिळतो, ज्यात इंग्रजीची गरज नाही.

या वर्षी सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवा : हिवाळ्यात नियम वाचणं आणि घरातली चर्चा, मार्चमध्ये क्लोव्हरचं बी आणि नोंदणी, एप्रिल-मेमध्ये खुराडं, आणि जूनमध्ये अंगावर पिसं आलेल्या तलंगा. म्हणजे पहिल्या बर्फाच्या आत त्या रुळतात. आधी कोंबड्या आणि मग खुराडं असा उलटा क्रम टाळा.

कुणाला खुराडं बघायचं असेल, मोजमापं हवी असतील, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा. घोळीचं बी हवं असेल तर तेही देईन, आमच्याकडे उपटून संपत नाही!